अडीच लाखात मजेची जुनी गाडी: मार्केट कशाला घाबरतं ते आधी बघ

तू विचारलंयस की बजेट अडीच लाख, राहायला पुण्यात, ऑफिसला टू व्हीलर आहे त्यामुळे रोजची गाडी नको, पण महिन्यातून एकदा गुहागरला गावी जायचंय आणि चालवताना मजा आली पाहिजे. आणि दोन गाड्या बघून ठेवल्यास, एक 2012 ची स्विफ्ट डिझेल दोन लाख नव्वदला, दुसरी दिल्ली पासिंगची ऑटोमॅटिक सेडान, सनरूफवाली, दोन लाख चाळीसला. "काका यातली कुठली घेऊ?"

दोन्ही नको. का नको ते सांगतो आणि मग काय बघायचं तेही सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली, आणि गेली दहाएक वर्षं लोकांना जुन्या गाड्या बघून देणं हा अर्धा धंदाच झालाय. त्यातून एवढंच कळलं की जुनी गाडी स्वस्त मिळते ती मार्केटला तिची कसलीतरी भीती वाटते म्हणून. कंपनी बंद झाली, पार्ट मिळत नाहीत, मेंटेनन्स खाते, रंग विचित्र, नंबरची बेरीज आठ येते (हसू नको, या कारणावरून दहा हजार कमी झालेले मी डोळ्यांनी बघितलेत). यातल्या काही भीत्या खऱ्या असतात आणि काही नुसत्या पारावरच्या गप्पा. खोटी भीती असलेली गाडी घ्यायची, खरी भीती असलेली सोडायची. आणि जिची कुणालाच भीती वाटत नाही तिच्यात तुला फायदा नाही, कारण तो फायदा विकणाऱ्याने आधीच किमतीत लावलेला असतो.

तुझी स्विफ्ट हेच आहे. गाडी वाईट नाही, चांगली आहे, पण ती विकणाऱ्यालाही माहितीय आणि शेजाऱ्यालाही. तिच्यात जे डिझेल इंजिन आहे ते फियाटचं 1.3 मल्टीजेट, 1248 सीसी, 75 पीएस (पीएस म्हणजे ताकदीचं माप, हॉर्सपॉवरच समज). हेच इंजिन डिझायरमध्ये होतं, रिट्झमध्ये होतं, टाटाने क्वाड्राजेट नावाने इंडिका व्हिस्टा आणि मान्झामध्ये टाकलं, जास्त ताकदीचं करून एर्टिगा आणि सियाझमध्ये आलं. मारुतीने 2020 मध्ये डिझेल बंद केलं तोवर देशात एवढी मल्टीजेट झाली की कराडच्या हायवेवरचा कुठलाही मेकॅनिक झोपेत उघडून बसवेल.

आता तेच इंजिन, तेच 75 पीएस, फियाट पुंटोमध्ये. आपल्या रांजणगावला बनलेली गाडी, 2009 ला आली आणि 2018-19 च्या सुमाराला संपली. 2012-13 ची चांगली पुंटो डिझेल आज पुण्यात साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाखात मिळते. त्याच सालच्या स्विफ्टपेक्षा लाखभर कमी, इंजिन तेच. का? तर "फियाट गेली, पार्ट मिळत नाहीत."

ही भीती अर्धी खोटी आहे आणि अर्धी खरी, तर त्यातली रेघ कुठे आहे ते नीट समजून घे. इंजिनचे पार्ट म्हणजे इंजेक्टर, टर्बो, टायमिंग चेन, फिल्टर, हे सगळं मिळतं, नाना पेठेत न मिळालं तर दुसऱ्या दिवशी येतं, आणि एकाच जातीची एवढी इंजिनं रस्त्यावर आहेत म्हटल्यावर काम जाणणारे हातही आहेत. क्लच, ब्रेक पॅड, शॉकर मिळतात. जे खरंच रडवतं ते म्हणजे बॉडी. हेडलाइट, बंपर, दाराचं हँडल, काच वर-खाली करायचं मशीन, डॅशबोर्डची बारीकसारीक प्लास्टिकं. म्हणून पुंटो बघताना इंजिनपेक्षा आधी हे बघायचं, लोक नेमकं उलट करतात. चारही दारं आतून-बाहेरून उघड, चारही काचा दोनदा खाली-वर कर, दोन्ही हेडलाइट पिवळे पडलेत का, क्लिपा तुटल्यात का ते बघ. हे सगळं शाबूत असलेली पुंटो दहा-पंधरा हजार जास्त देऊनही घे. एक बाजू ठोकलेली स्वस्त मिळाली तरी घेऊ नको, तो हेडलाइट शोधण्यात तुझा गणपती ते दिवाळी वेळ जाईल.

आणि मजा? स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं, इलेक्ट्रिक नाही. म्हणजे पार्किंगमध्ये हात जरा दुखतात पण घाटात चाक कुठे आहे, रस्ता खडबडीत आहे का ओला आहे ते तळहाताला कळतं. तू उंब्रजवरून आत वळून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरतोस ना, तिथे ही गाडी काय आहे ते कळेल. पुंटो स्विफ्टपेक्षा शंभरेक किलोने जड आहे, त्यामुळे सिग्नलवरून सुटताना स्विफ्ट पुढे जाईल, जाऊ दे. पण कुंभार्लीच्या वळणात स्विफ्टवाला ब्रेक मारतो तिथे पुंटो नुसती बसून वळते, आणि खड्ड्यात धाडकन आपटण्याऐवजी धप्प असा एकच आवाज येतो. एक गोष्ट मात्र आहे, दोन हजार आरपीएमच्या खाली हे इंजिन झोपलेलं असतं, टर्बो जागा होत नाही. चढाला तिसऱ्यात रखडवायचं नाही, आधीच दुसरा टाकायचा आणि मग बघ. ज्यांना हे जमत नाही ते "पिकअप नाही" म्हणून गाडी विकतात, आणि आपल्याला स्वस्त मिळते.

पुंटोचं 1.2 पेट्रोल मात्र घेऊ नको. एवढ्या जड गाडीला ते इंजिन म्हणजे बैलगाडीला शेळी. 1.4 पेट्रोल चालेल, पण ते फार कमी दिसतं. 90 पीएसचं डिझेल बजेटमध्ये मिळालं तर मला फोन न करता टोकन दे. बरं, फोन कर, पण लवकर कर.

दुसरी गाडी म्हणजे जुनी फोर्ड फिगो, 2010 ते 2015 मधली. फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं त्या दिवसापासून लोक तिच्याकडे विधवेसारखं बघायला लागले (माझी आजी हा शब्द ऐकून मला मारेल, पण मार्केटची नजर तीच आहे). खरं तर झिजणारे पार्ट अजून मिळतात आणि गाडी साधी आहे, बिघडायला फार काही नाहीच. स्टेअरिंग इथेही हायड्रॉलिक आणि माझ्या मते पुंटोपेक्षाही बोलकं. 1.4 डिझेल 69 पीएसचं आहे, आकडा छोटा पण खालून ओढतं, मल्टीजेटसारखं झोपत नाही. त्याला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही, हे लक्षात ठेव. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल माग. बिल नसेल तर बदलला नाही असंच समजायचं, मालक कितीही देवाची शपथ घेवो, आणि बेल्टचा खर्च किमतीतून वजा करायचा. बेल्ट चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिन उघडायचं का दुसरं टाकायचं एवढाच प्रश्न उरतो.

तिसरी, होंडा ब्रिओ. तुझं रनिंग धरलं तर महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर होतंय, त्यात डिझेलने पैसे वाचतात हे डोक्यातून काढ, डिझेल मी सांगतोय ते ओढीसाठी आणि पुंटो स्वस्त आहे म्हणून. पेट्रोलच हवं असेल तर ब्रिओ. 2011 ला आली, 1.2 आय-व्हीटेक, 88 पीएस, आणि वजन साडेनऊशे किलोच्या आत. एवढ्या हलक्या गाडीत एवढं इंजिन, वर फिरवलं की मांजरासारखी पळते. लोक का घेत नाहीत तर डिकी नाही (खरंच नाही, दोन बॅगा आणि आंब्याची एक पेटी, संपलं), मागचा दरवाजा म्हणजे नुसती काच, आणि किमतीत शेजारी मोठी गाडी येते. तू एकटा नाहीतर दोघं जाणार, तुला डिकी कशाला? आणि ब्रिओची ऑटोमॅटिक ही टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे जुन्या पद्धतीची गिअरवाली, बेल्टवर चालणारी सीव्हीटी नाही, पुढेमागे घरच्यांसाठी ऑटोमॅटिक हवी झाली तर हे लक्षात असू दे.

होंडा सिटी 2008 नंतरची, 118 पीएस, ती पण अडीच लाखाच्या आसपास दिसेल आणि मोह होईल. हायवेला मस्त. पण गुहागरच्या शेवटच्या वीस किलोमीटरला तिचं पोट घासेल आणि तू मला शिव्या देशील.

आता तुझी ती सनरूफवाली सेडान. ही खरी भीती. नवीन असताना पंधरा-सोळा लाखाची असलेली गाडी अडीच लाखात मिळते तेव्हा किंमत अडीच लाखाची होते पण पार्ट अजून सोळा लाखाच्या गाडीचेच असतात. अशा गाडीत बहुतेक ड्राय ड्युअल क्लचची, म्हणजे दोन सुके क्लच असलेली ऑटोमॅटिक असते, ती दहा-बारा वर्षांची झाली की क्लच पॅक आणि तिचं कंट्रोल युनिट यातलं काहीही एक गेलं तर बिल लाखाच्या घरात जातं, म्हणजे अर्धी गाडी. ट्राफिकमध्ये सुटताना थरथरते का बघ म्हणतात, पण थरथरायला लागली तेव्हा उशीर झालेला असतो.

शिवाय दिल्ली पासिंग. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या मागे हरित लवादापासून सुप्रीम कोर्टापर्यंत ससेमिरा लागलाय, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. पण इकडे आणल्यावर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे नव्याने, मग नवीन नंबर, एजंटचे पैसे, आणि दोन-तीन महिने चौकात मामा अडवणार ते वेगळं. दोन चाळीसची गाडी हातात येईपर्यंत तीनच्या वर जाते. आपल्याकडे आज 10 वर्षांचा नियम नाही, इथलीच एमएच-12 किंवा एमएच-14 बघ, एमएच-10 सांगली-एमएच-09 कोल्हापूर पण बघ, फक्त एक काळजी घे.

पूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि 2021 च्या जुलैमध्ये चिपळूण, या दोन्ही वेळी पाण्याखाली गेलेल्या गाड्या पुढची कित्येक वर्षं पुण्यात फिरत होत्या, अजून असतील. मी स्वतः फसलोय, सांगायला लाज नाही. एका डीलरकडून मेहुण्यासाठी एक चंदेरी सेडान घेतली, आतून चकाचक, नवीन सीट कव्हर, नवीन मॅटिंग, परफ्यूमचा वास. इतका परफ्यूम का मारलाय हे विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. तीन महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागला, मग पॉवर विंडो, मग सेंट्रल लॉक, आणि एक दिवस कार्पेट उचललं तर खाली वायरिंगच्या सॉकेटमध्ये वाळलेला गाळ, बारीक, पिठासारखा. ती गाडी मी माझ्या पैशाने दुरुस्त करत होतो दीड वर्ष, मेहुणा अजून लग्नाकार्यात विषय काढतो. तेव्हापासून कुठल्याही गाडीत मी आधी तीन जागी हात घालतो. ड्रायव्हर सीटच्या खाली रुळांवर, तिथे गंज नको. डिकीत स्टेपनीच्या खालच्या खळग्यात, तिथे गाळाची रेघ नको. आणि सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचा हातभर भाग बघतो, कारण सीट बेल्ट धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही, पाण्याची रेघ तिथे राहते.

बाकी बघण्याचं सांगतो. सकाळी जा. आदल्या दिवशी मालकाला सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर पहिलं काम, बोलण्याआधी, बोनेटवर हात ठेव. गरम असेल तर त्याला विचार का. कधीकधी खरंच मुलाला शाळेत सोडून आलेला असतो, पण बहुतेक वेळा सकाळचा आवाज नाहीतर धूर लपवायचा असतो. थंड इंजिन चालू करताना मल्टीजेटमध्ये पहिले दोन-तीन सेकंद खुळखुळ्यासारखा आवाज आला आणि गेला तर चेन ढिली होतेय, गाडी सोडायची गरज नाही पण किंमत पाडायला कारण मिळालं. मग इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून उलटं तिथेच ठेव. नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडायला लागलं आणि भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय, नमस्कार करून निघ.

ठोकलेली आहे का हे रंगावरून ओळखायला जाऊ नको, आजकाल पेंटिंग इतकं छान करतात की मलाही चकवा बसतो. दाराचं काळं रबर ओढून खाली करायचं, खाली पत्र्यावर कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. बोनेटच्या आत दोन्ही बाजूच्या एप्रनवर (चाकाच्या वरचा आतला पत्रा) बोल्ट बघायचे, बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालाय का. डोअर किंवा बंपर बदललेला चालतो, पुण्यात बंपर न बदललेली गाडी म्हणजे एकतर शोरूममध्ये आहे नाहीतर बंद आहे. एप्रन, पिलर आणि छप्पर मात्र हलता कामा नये.

मीटरवर विश्वास ठेवू नको, मीटर मागे फिरवायला फारसा वेळ लागत नाही. स्टेअरिंगची झिलई, क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड, हे तिघं मिळून खरं सांगतात. 48 हजार किलोमीटर आणि पेडल गुळगुळीत, हे होत नाही. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. कमी पळालेल्या गाडीला तिसरा सेट असेल तर हिशोब तूच कर. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढायला सांग. जो मालक फाइल काढून आणतो, बिलं क्रमाने लावलेली, त्याच्याशी घासाघीस जरा कमी कर. निवृत्त माणसाची, पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली, फाइलवाली गाडी मॉडेल न बघता सुद्धा निम्मी पसंत करावी असं माझं मत आहे.

पैशाचं असं कर की अडीच आहेत तर गाडी दोनच्या आत बघ. उरलेले पन्नास हे शिलकीत धरू नको, ते पहिल्या महिन्यात जाणारच. सगळी ऑइलं, कुलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर, लागली तर बॅटरी, पुढचे लोअर आर्म बुश (पुंटोला हमखास लागतात), दोन नाहीतर चार टायर, इन्शुरन्स. पेट्रोल घेतलीस तर इंधनाचे रबरी पाइप कडक झालेत का तेही बघून घे, आता पंपावर सगळीकडे ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे आणि एवढ्या जुन्या गाड्यांची रबरं त्या हिशोबाने बनलेली नाहीत. पाइप बदलायला फार पैसे लागत नाहीत.

वेळेचं म्हणशील तर पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे कुणी गाडी घेत नाही, डीलरकडे माश्या मारत बसलेले असतात, चहा पण विचारतात. तुझी श्रद्धा असेल तर टोकन तेव्हा दे आणि ताबा घटस्थापनेला घे, मी कितीतरी लोकांना असं करून दिलंय. नाहीतर दिवाळीनंतर, एक्स्चेंजमधल्या गाड्या तेव्हा मार्केटमध्ये येतात. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या नव्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, सेसही गेला, त्यामुळे दोन-तीन वर्षं जुन्या गाड्या विकणारे नरमलेत, पण दहा-बारा वर्षांच्या गाडीवर त्याचा फारसा परिणाम नाही. कुणी "जीएसटीमुळे आता भाव वाढणार" म्हणाला तर हसून सोडून दे.

कागदात तीन गोष्टी बघ, परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून. आरसीची मुदत, बँकेचा बोजा, आणि दंडाची चलनं. मुदत पहिल्या पासिंगपासून 15 वर्षं असते, म्हणून मी तुला 2012-13 सांगतोय, 2010-11 ची घेतलीस की लगेच रिपासिंगला, म्हणजे पुन्हा नोंदणीला उभी राहील. त्याची फी 2022 पासून कारला 5,000 झालीय, पर्यावरण कर वेगळा, आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा रिपासिंग. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर घ्यायच्या. आणि वीस हजार तरी नावावर होईपर्यंत मागे ठेवायचे, चांगला मालक याला नाही म्हणत नाही कारण उद्या तू सिग्नल तोडलास तर चलन त्याच्याच मोबाइलवर जाणार असतं. इन्शुरन्स 14 दिवसांत तुझ्या नावावर करून घे. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा, गाडीबरोबर येत नाही, एजंट येतो म्हणाला तरी.

तू ऑनलाइन बघत असशीलच, तर फिल्टरमध्ये पुंटो 2012 ते 2014, डिझेल, फर्स्ट किंवा सेकंड ओनर टाक. मागच्या आठवड्यात मोशीकडे एक मरून रंगाची दिसली होती, एक पंच्याण्णवला, फोटोत डावा हेडलाइट जरा धुरकट वाटला पण बंपरची फट दोन्हीकडे सारखी होती. अजून असेल तर मालकाला फोन लाव, सकाळी सातची वेळ घे, आणि इंजिन चालू करायच्या आधीपासून मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेव. झाकण काढायच्या आधीचा आवाज मला पाठव.